ठोकळ्याच्या जागी दगड

सल्लागार कंपनीच्या साहेबाने अणुवीज केंद्राला फसवलं आणि त्यासाठी माझंच ड्रिलिंग मशीन वापरलं. आज राजुरीत बोअर घेताना ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला आणि ते सगळं आठवलं. भूकंपात त्या केंद्राची इमारत तग धरेल का, हे तपासायला आम्ही समुद्राकाठी जमिनीखालचा दगड नळीतून काढून पेटीत ओळीने लावत होतो. ठिसूळ थर ड्रिलिंगच्या पाण्यात वाहून गेला की पेटीत त्या जागी तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा, हा नियम. साहेबाने तीन ठोकळे काढले, शेजारच्या भोकातले अखंड तुकडे तिथे बसवले आणि अहवालासाठी फोटो घेतला. बोरी गावचा माझा ऑपरेटर म्हणाला, "सायेब, हितं तर नुसता गाळ निघाला व्हता." साहेब हसला, "भाऊ, तुम्ही भोकं पाडा, भूकंप आम्ही बघतो." मी भडकलो, "लाकूड परत ठेवा, न्हाईतर मशीन उचलतो!" शेवटी उचललंच, त्याने दुसऱ्याचं आणलं. मी दरासाठी तासभर हुज्जत घालतो, पण मापात खोट करत नाही. केंद्राच्या वरिष्ठांना पाठवलेल्या माझ्या एकाही पत्राला अजून उत्तर नाही. अहवालावर ज्याने सही केली, त्याने समोर येऊन सांगावं, ती इमारत कशावर उभी आहे?