रुईचा चीक
चिखलीच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं माझे डोळे वाचवले. रुईचा उग्र वास आला की तीच आठवते. शाळा सोडून परभणीकडून नुकताच आलो होतो. सोमवारी कारखान्यातला पहिला दिवस, म्हणून शनिवारी मारुतीला माळ घालायला रुईची पानं तोडत होतो. वैशाखात सगळा माळ करपलेला, रुई तेवढी हिरवीगार, आणि भुकेल्या शेळ्या तिच्यापासून लांबच उभ्या. चिकानं बरबटलेल्या हातानं डोळ्यांवरचा घाम पुसणार, तोच तिनं मनगट धरलं. “आंधळा व्हशील, मुडद्या! शेळी तोंड लावत न्हाई, ती काय उगाच?” आणि स्वतःचं प्यायचं सगळं पाणी तिनं माझ्या हातांवर ओतलं. अजूनही उन्हाळ्यात एकटं हिरवं झाड दिसलं की शेळ्या त्याला तोंड लावतात का, ते आधी बघतो. एक दिवस भरली घागर तिच्या दारात नेऊन ठेवीन.