गाळलेलं पाचवं पान

काटेआप्पांच्या हातात लिखाण दिलं की ते आधी वाचत नसत, तळहातावर ठेवून त्याचं वजन बघत. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून आम्ही त्यांना काटेआप्पा म्हणायचो. माझी पहिली कथा त्यांनी अशीच तोलली आणि म्हणाले, "पावशेर कमी कर." मी कळसाडीहून शहाद्यापर्यंत एसटीत उभ्यानं आले होते, ते काय हे ऐकायला? घरी जाऊन रागारागानं दोन पानं फाडली, तर कथा सुधारली. त्याचा राग आणखीनच आला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एका शेठजींच्या सरकीच्या गोदामात आमचं लिहिणाऱ्यांचं मंडळ जमे. दहा-बारा डोकी. आप्पा मंडळाचे प्रमुख, पण बसायचे दाराशी, चपलांजवळ. उशिरा आलेल्याला ओशाळं वाटू नये म्हणून तेच सरकून जागा करून देत. नियम एकच, त्यांनी घालून दिलेला: "ज्यानी लिखं, त्यानी वाचानं नही." वही दुसऱ्यानं वाचायची. आपलं लिखाण आपणच वाचलं की माणूस आवाज चढवून खड्डे बुजवतो, असं त्यांचं म्हणणं. वाचून झालं की ते वाचणाऱ्याला विचारत, "जीभ कोठे अडकनी?" त्यावर खरं तेच सांगायचं.

एकदा एक बडे साहेब कविता घेऊन आले आणि घसा साफ करून बसले. आप्पांनी अदबीनं वही काढून घेतली नि माझ्याकडे दिली. मी तीन ठिकाणी अडखळले, तिन्ही सांगितली. साहेबांना घाम फुटला. आप्पांनी त्यांना स्वतःच्या हातानं गुळाचा चहा दिला. आता हे कसले परत येतात, असं आम्हाला वाटलं. पण पुढच्या महिन्यात आले, निम्मीच वही घेऊन.

पंचाहत्तरी उलटल्यावर आप्पांचं लिखाण सैल झालं. कारखान्याबाहेरची तीच गाड्यांची रांग, तोच बसकण मारलेला बैल, प्रत्येक कथेत. सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं. ज्यांनी आम्हाला लिहितं केलं त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एका रविवारी त्यांची कथा वाचायला माझ्याकडे आली. पाचव्या पानावर पुन्हा तो बैल दिसला. मी ते पान गुपचूप गाळलं आणि सहाव्यापासून पुढे वाचत गेले. आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, जीभ कुठे अडकली? मी म्हटलं, कुठेच नाही. इतकं सफाईदार खोटं मी कथेतसुद्धा लिहिलेलं नाही.

सगळे गेल्यावर चपला घालता घालता ते म्हणाले, "पान तुनी बरोबर सोडं, माय. लिखताना मन्हा हातबी तठेच थकना व्हता. पन तुनी माले सांगं नही."

मला रडू फुटलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "लोके माले खरं सांगाले लाजतस. आते हाई जागा मन्ही नही. मंडळ तू सांभाय."

मी खूप विनवलं, पण ते बधले नाहीत. पुढची चार वर्षं साधे सभासद म्हणून येत राहिले, इतरांच्या वह्या वाचत राहिले, अडकले की हसत हसत सांगत राहिले. मग एका रविवारी आले नाहीत, आणि त्याच आठवड्यात गेले. जीभ पाचव्या पानावर अडकली, हे एक वाक्य मी त्यांना वेळेवर सांगितलं नाही, याची हळहळ अजून आहे.

आता मी बासष्ट वर्षांची आहे आणि दाराशी, चपलांजवळ बसते. परवा माझी कथा वाचायला धडगावहून जीपनं येणाऱ्या एका तरुण शिक्षिकेकडे गेली. चौथ्या पानावर ती थांबली. तिची बोटं पान उलटायला गेलेली मला स्वच्छ दिसली. मग तिनं हात मागे घेतला.

"ताई, इथे अडकले," ती म्हणाली. "हे तुम्ही मागच्या कथेतही लिहिलंय."

माझे कान तापले. राग आला, पावशेर कमी करायला सांगितलं होतं तेव्हा आला होता तसाच. आणि त्या रागाच्या पाठोपाठ इतकं बरं वाटलं की काय सांगू. चपला थोड्या बाजूला सारून मी नीट मांडी घातली आणि तिला विचारलं, "आनखी कोठे?"