पोपच्या निवडणुकीत फुटलेलं मत

मी रोमच्या पोपवर कादंबरी लिहितेय म्हटल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला, “तिथं सदस्य किती?” आप्पा बीडजवळच्या पालीच्या पलीकडल्या आमच्या गावचे माजी सरपंच. जगातली कुठलीही निवडणूक त्यांना ग्रामपंचायतीएवढीच दिसते.

खरं तर हे खूळ त्यांचंच. टीव्हीवर नव्या पोपची निवड चालली होती. म्हातारे धर्मगुरू एका दालनात कोंडलेले, आणि निवड झाली की चिमणीतून पांढरा धूर. आप्पा खूश! “बघ बाई, ह्यांना बी सहलीला न्यावं लागतंय.” आमच्याकडे सरपंचावर अविश्वास ठराव आला की सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून कोकणात नेतात, मोबाईल काढून घेतात आणि मतदानादिवशीच परत आणतात. त्याला सहल म्हणायचं. मी बीडला एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते आणि उरलेल्या वेळात लिहिते. त्या दिवशी मी वहीच उघडली.

कादंबरीत दोन कालप्रवासी पाचशेहून जास्त वर्षं मागे रोमला जातात. त्यांचा उमेदवार एका मताने हरलेला असतो. तो पोप झाला असता तर परक्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागलीच नसती, असं माझं कल्पित. ते एक मत एका म्हाताऱ्या कार्डिनलचं, म्हणजे पोप निवडणाऱ्या धर्मगुरूंपैकी एकाचं. तेवढं फिरवलं की इतिहास फिरला. पण काही केल्या ते मला फिरवता येईना.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, टीव्ही बंद, दिवसातून चार वेळा थेंब. गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही, मग सगळी भुणभुण आईच्या डोक्याला. मी रजा टाकून गेले आणि दुपारी ओसरीवर त्यांना माझी वही वाचून दाखवू लागले. आई शेजारी शेंगा फोडत बसायची.

“तुझे गडी लई येडे हायत,” आप्पा म्हणाले. “सोनं दाखवून म्हातारा वळत असतो व्हय? सैपाकी कुणाचा हाय ते बघ आधी. कोंडलेल्या माणसाला निरोप ताटातनं जातो.”

मी मुकाट्याने प्रकरण पुन्हा लिहिलं. स्वयंपाकी फोडला. म्हातारा तरी तिकडेच. मग त्याचा पुतण्या पळवला. तरी तिकडेच. तिसऱ्या दिवशी मी चिडून वही आपटली. मी तापट आहे, आप्पांवर गेलेय. आप्पा मात्र एकदम थंड झाले होते. “फुटणारा फुटतोच,” ते म्हणाले. “काळाच्या मागं जा, न्हाईतर पुढं जा. नासका आंबा तो.”

ते कुणाबद्दल बोलत होते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मामाबद्दल.

आईचं माहेर गावातच, तीन गल्ल्या सोडून. मामा ग्रामपंचायतीत आप्पांच्या बाजूचा सदस्य. मी सातवीत असताना आप्पांवर अविश्वास ठराव आला. आप्पा आपले सदस्य घेऊन कोकणात गेले, मामाही गेला. मधेच मामा एकटा परत आला, आणि मतदानादिवशी भर सभेत ठरावाच्या बाजूने त्याने हात वर केला. त्या एका हाताने आप्पांचं पद गेलं. तो विकला गेला, असं आप्पांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून सतरा वर्षं दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. माझी आई, सख्खा भाऊ तीन गल्ल्यांवर असून, अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. मला त्या ताटाचा राग यायचा.

तर वही आपटली, आणि आई शेंगांतून मान वर न करता म्हणाली, “त्या म्हाताऱ्याला कुणी इचारलं का, तू तिकडं मत कावून दिलं म्हून?”

खरंच विचारलं नव्हतं. माझ्या कालप्रवाशांनी त्याला आमिष दाखवलं, धाक घातला, पण तो प्रश्न त्यांना सुचला नाही, आणि मलाही नाही.

“त्यात काय इचारायचं?” आप्पा म्हणाले.

“मग मला इचारा,” आई म्हणाली. “दादाला हात वर करायला मी सांगितलतं.”

आप्पांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पण मला ओरडायचंही सुचलं नाही.

“पोरीला टायफॉईड झालता,” आई म्हणाली. “बीडच्या दवाखान्यात मी एकली. तुमाला फोन केला तर तुमी म्हणलात, मला हलता येत न्हाई, तुझ्या भावाला धाडतो. तो रात्रंदिस तिच्या उशाशी बसला. पोर तापात आप्पा आप्पा करायची. मी दादाला म्हणलं, ह्या खुर्चीपायी माझा संसार मोडत चाललाय, मला माझा माणूस घरी आणून दे. तो नगंच म्हणत व्हता. मी पोरीची शपथ घातली. कुणाला सांगायचं न्हाई, ह्याची बी.”

“आन तू सतरा वर्षं—”

“आधी भ्या वाटलं. मग उशीर झाला. उशीर झाल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं?”

मला तो ताप आठवतो. त्यानंतरचं तर सगळंच आठवतं. आप्पा मला सायकलवर शाळेत सोडायचे, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून चहा करून द्यायचे, माझी पहिली गोष्ट छापून आली तेव्हा ते पान घेऊन गावभर हिंडले. मला वाटायचं, आपला बाप आहेच असा. सरपंच असताना ते मला फक्त गाडीत बसताना दिसायचे, हे मी सोयीने विसरले होते. तो हात वर झाला नसता तर मला हा बाप मिळालाच नसता. आणि मी मूर्ख, तीन दिवस नेमकं तसलंच मत पुसायला माणसं धाडत होते.

आप्पा म्हणाले, “मीच धाडलतं त्याला. आन मीच शिव्या दिल्या.” चष्मा घातला आणि चपला चाचपायला लागले. आई पदराला हात पुसत मागोमाग निघाली, तिच्यामागे मी.

मामा अंगणात यंत्रावर कडबा कापत होता. आप्पांना बघून त्याने आधी यंत्र बंद केलं. “दाजी, थांबा तिथंच. धुरळा जाईल डोळ्यात.” सतरा वर्षांनी भेटलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य.

“हिनं सांगितलं मला,” आप्पा म्हणाले. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले, आणि आमचे आप्पा, भर सभेत कुणाचं न ऐकणारे, लहान पोरासारखे रडले.

मामा आईकडे बघत राहिला. “कशाला सांगितलंस गं? पोरीची शपथ व्हती.” मग घाईघाईने माझ्याकडे आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “हिला काय व्हत न्हाई. समदं माझ्यावर हाय.” माझं वय आता तीस. कालप्रवासावर लिहिणारी, शपथा न मानणारी मी त्या हाताखाली हुंदके देत उभी राहिले.

मामी शेतात गेली होती. “चहा तूच टाक,” मामा आईला म्हणाला. आई घरात गेली. आम्ही बाहेर बाजेवर बसलो. आत एकामागून एक डबे उघडल्याचे आवाज येत होते. बराच वेळ येत होते. मग आई दारात आली, हातात नुसतं झाकण.

“दादा,” ती म्हणाली, “साखर कुठं ठिवता रे तुमी?”