टँकरच्या दिवशी मायला विचारलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई – नवऱ्याला न्हाई, पोरींना न्हाई. आता सांगते. पण ऐकून माझी कीव करायची असेल तर आत्ताच उठा.

लातूर नवा जिल्हा झाला, मला कचेरीत नोकरी लागली, अन् त्याच वर्षीच्या दुष्काळात रेणापूरकडं आमच्या गावी मायला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, तोंडात फक्त एक ‘हाव’ उरलं. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकंच गेलं. साफ खोटं! दार लावा, एकट्यानं एकच गोष्ट विचारा – तिला सगळं कळायचं. नको असलं की डावा हात हलवायची. पण दोघं मिळून बोलले, बाहेर घागर वाजली, की तिचं ध्यान तिकडं. मग कशालाही ‘हाव, हाव’. हे फक्त मला कळलं होतं – अन् मी कुणाला बोलले न्हाई.

एकदा दार लावून मीच विचारलं, “माय, दादाकडं उदगीरला ऱ्हातीस?” हात हलला – न्हाई. “माझ्याकडं?” तिनं माझं मनगट धरलं. सोडेचना.

मला ती नको होती. झालं, बोलले! लातुरात नवी खोली, पहिल्यांदाच आपल्या मनानं जगून राहिले होते. शिकवलं कुणी? तिनंच, दुसऱ्याच्या रानात खुरपून. माहीत हाय मला.

माय कुठं ऱ्हाणार, हे ठरवायला मामा येणार होते. दिवस मी काढून दिला – टँकरचा. टँकर आला की आमच्या दारात कसला गोंधळ उडतो, ते मला ठाऊक नव्हतं काय? बाया भांडून राहिल्या, हंडे आदळून राहिले, अन् मामांनी विचारलं, “अक्का, पोराकडं जातीस ना?” मायची नजर बाहेर. “हाव, हाव.”

“बघा, राजीखुशीनं चालली,” मामा म्हणाले. लेकीच्या दारी ऱ्हाऊ नये, ही रीत मी कधी मानली न्हाई. त्या दिवशी मानली. तोंडातून ब्र काढला न्हाई.

दादाचं घर दाळमिलीला खेटून. दिवसभर घरघर. तेही ठाऊक होतं. मिल बंद असायची फक्त रविवारी, अन् मला सुट्टी रविवारचीच. तरी मी रजा टाकून मंगळवारी जायचे.

चौथ्या वर्षी माय गेली. तोवर एकाही रविवारी मी गेले न्हाई.