हलवू नये अशी फाईल

आमच्या कंपायलरमधली, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, प्रत्येक फाईल स्वतःला लागणाऱ्या फायलींची नावं डोक्यावर घेऊन बसलेली असते. त्यातली बिनकामाची नावं मी काढत होतो. एका फाईलमध्ये स्वतःचं असं काहीच नव्हतं. नुसती दुसऱ्या फायलींची नावं आणि वर एक टीप: ‘हिला हलवू नका. – सुलभा.’

माझ्या आधी हे कोड सांभाळणाऱ्या सुलभाताई वारल्या त्याला चार वर्षं झाली. मी फाईल उडवली.

थोड्या वेळात पलीकडच्या टेबलावरून माझा सहकारी नितीन ओरडला, “अरे, काय काढलंस? माझं काहीच कंपाईल होईना!”

त्याच्या कोडमध्ये त्या फाईलचं नावसुद्धा नव्हतं; त्याने घेतलेली फाईल दुसरीवर विसंबून होती आणि ती दुसरी हिच्यावर. आपण कुणाच्या आधारावर उभे आहोत, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं?

फाईल मी परत ठेवली. मग पाहिलं, तर माझ्याच बोटांनी त्या टिपेखाली माझं नाव लिहिलं होतं.