पाहुण्यांचं नेटवर्क

"शकीलभाऊ, सर परत गोठले!" अश्विनीताईंचा फोन. म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये पुण्याच्या साहेबांचं तोंड उघडंच राहिलं आणि आवाज गेला. या वेळी साहेबांनी बजावलं, आणखी एकदा असं झालं तर घरून काम बंद, सोमवारी पुण्यात हजर व्हा. ताईंचं बाळ दहा महिन्यांचं, नवरा धरणगावलाच शाळेत मास्तर. वायफाय मी चारच दिवसांपूर्वी लावलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावहून निघताना खरोखर लाज वाटत होती.

घरात तीन कॉम्प्युटर, तिघांच्या तीन तऱ्हा. ताईंचा मॅक, मास्तरांचा जुना विंडोज लॅपटॉप आणि सासरे नाना यांचा कापसाचे भाव बघायचा डेस्कटॉप. त्याला वायफाय ठाऊकच नव्हतं, म्हणून डोंगल लावला. डोंगल म्हणजे बोटाएवढा तुकडा. खोचला की वायफाय पकडता येतं. शिवाय राउटरवर दोन नेटवर्क केली. एक घरचं, वेगवान. दुसरं 'गेस्ट', आल्यागेल्यांसाठी, मुद्दाम हळू. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

आता राउटरमध्ये पाहिलं, तर घरच्या नेटवर्कवर एकोणीस मोबाइल. त्यात दूधवाल्याचाही. आणि तिन्ही कॉम्प्युटर गेस्टवर.

"नाना, हे कुणी केलं?"

"मीच. तू पाहुणास्ले हळू नेट दिधं! आमना घरमा पाहुणाले उरेलसुरेल देतस नई."

वडिलांचा शब्द म्हणून मास्तरांनी मुकाट्यानं सगळं बदलून दिलं होतं. ताईंना सांगायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"पण घरच्यांचं काय?"

"घरना मानसे थांबतीन."

मी समजावलं, नळ एकच, हंडे वाढले की धार बारीक होते.

"मंग पहिला हंडा पाहुणाना," नाना म्हणाले.

चारची मीटिंग दहा मिनिटांवर आलेली. ताई दारात उभ्या, डोळ्यांत पाणी. मला राग आला, पण नानांशी भांडून उपयोग नव्हता.

"नाना, ताईंचे साहेब रोज चारला कुठे येतात?"

"कोठे?"

"तुमच्याच घरात, ताईंच्या पडद्यावर. आणि तुम्ही त्यांना हळू नेटवर बसवलंय."

नानांचा चेहरा उतरला. "साहेब आमना घर येस? माले कोनी सांगं नई!" ते तडक ओट्यावर गेले आणि तिथं मोबाइल घेऊन बसलेल्या सगळ्यांना ओरडले, "बठ्ठा फोन बंद करा! घरमा मोठा पाहुणा येल शे!"

मी मॅक वेगवान नेटवर्कवर टाकला आणि पासवर्ड बदलला. मीटिंग पाऊण तास चालली, साहेब एकदाही गोठले नाहीत. नानांनी त्यांच्यासाठी लॅपटॉपशेजारी चहासुद्धा ठेवला होता.

पुणं टळलं. निघताना ताई हळूच म्हणाल्या, "शकीलभाऊ, चार दिवस मी या दोघांना सांगत होते, माझं काम अडतंय म्हणून."

तेव्हापासून कुणाकडे वायफाय लावायला गेलो की कॉम्प्युटर किती हे मी नंतर विचारतो. आधी बघून घेतो, त्या घरात सुनेचं काम कामात धरतात की नाही.