सात पानांत मी कुठे होतो

आमच्या गावात, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, माझ्या शिक्षेविषयी दोन कथा फिरतात. जमातीतले लोक म्हणतात, न्यायालयात एक वली, अल्लाहचा प्यारा संत, दुभाष्याच्या रूपाने आला. माझे जावई म्हणतात, न्यायाधीशांना माझ्या वयाची दया आली. दोन्ही चूक. तिथे मी होतो, हे कोणी नव्हते, म्हणून लिहितो.

आखातातल्या अल खफजीच्या एका गोदीत मी सुरक्षा पर्यवेक्षक होतो. बंद टाकीतला वायू आधी तपासायचा, मग परवान्यावर माझी सही आणि त्यानंतरच माणूस आत, असा नियम. पण बोट सुटण्याची घाई असे. म्हणून सकाळच्या चहाबरोबरच मी दिवसभराच्या परवान्यांवर सह्या करून ठेवीत असे. सगळेच करतात, असे मी मानत होतो. एके दिवशी तपासनीस सेल्वम यंत्र घेऊन पोहोचण्यापूर्वीच माझी सही पाहून एक नेपाळी कामगार टाकीत उतरला आणि आतल्या वायूने कोसळला. तो जगला, पण पुन्हा चालू शकला नाही. खटला माझ्यावर आणि सेल्वमवर झाला.

तुरुंगाची तयारी मी नेटाने केली. बिननाडीचे पायजमे शिवून घेतले, मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी अरबीत करून घेतली, घरचे नंबर पाठ केले. बायकोला फोनवर बजावले की माझ्यासाठी रडायचे नाही. ती म्हणाली, "तुमच्यासाठी कोण रडतंय? मी त्या नेपाळ्याच्या आईसाठी रडते." मला राग आला. न्यायालयात वाचायला मी सात पाने लिहिली होती. त्यांत सारा दोष सेल्वमचा होता.

निकालाच्या दिवशी नेमलेला दुभाष्या आजारी पडला. बदली आलेले गृहस्थ श्रीवर्धनकडचे निघाले, आपलीच भाषा. बाहेरच्या बाकावर त्यांनी सगळी पाने वाचली.

"चाचा, यात तुम्ही कुठे आहात?"

"शेवटी माझी सही आहे ना."

"परवान्यावर पण तीच होती ना?"

मी त्यांना आपले काम पाहायला सांगितले. ते शांतपणे म्हणाले की मी जे बोलेन तेच ते अरबीत सांगतील. मग जोहरची, दुपारच्या नमाजाची अजान झाली. त्यांच्या शेजारी कपाळ टेकून सजद्यात गेलो, तर रोजची दुआ ओठांवर येईना. एवढेच म्हणालो, "या अल्लाह, तू पाहिले आहेस. आता माझ्याकडून तूच बोलवून घे."

पाने खिशातच राहिली. मी उभा राहून सांगितले की तपासणीआधी सही मी केली आणि सेल्वमचा काही दोष नाही. सेल्वम सुटला. मला चौदा महिने मिळाले. दया वगैरे काही नव्हती. इतक्या अनुभवी माणसाचा अपराध अधिक मोठा, असे न्यायाधीशांनी स्पष्ट सुनावले. आणि दुभाष्या माणूसच होता. चहात चार चमचे साखर घालून तो गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरत होता. त्याच दिवशी त्यालाच कोणी पाठवले, यावर मात्र मी वाद घालत नाही. अल्लाहचा शुक्र करतो.

तुरुंगाच्या दारात शिपायाने माझे नाव पुकारले तेव्हा मी सर्वांत आधी उठलो. मान नेहमीसारखीच ताठ होती. फक्त आयुष्यात प्रथमच ती मला ताठ धरावी लागत नव्हती.